शालनच्या पगारातली घरपट्टी

"मॅडम, मला घर हाय म्हणं," शालन म्हणाली.

दूध संघाच्या प्रयोगशाळेची मी तेव्हा प्रमुख होते आणि शालन मुळीक माझ्याकडे काचसामान धुण्याचे काम करीत असे. दुधातील फॅट मोजण्याच्या नळ्यांत तीव्र आम्ल वापरावे लागते. त्या नळ्या रिकाम्या करून धुणारा माणूस सावध लागतो, आणि ती सावध होती. बोलणे कमी, फूटतूट जवळजवळ नाही. त्या दिवशी तिने रबरी हातमोजे काढले, हात पुसले आणि पगाराची चिठ्ठी माझ्यापुढे टेबलावर ठेवली. कपातीच्या बाजूला फंड आणि विमा यांच्याखाली एक नवी ओळ आली होती: ग्रामपंचायत हिंगणमाळ, घरपट्टी थकबाकी. रक्कम तिच्या पगाराच्या चौथाईएवढी होती.

हिंगणमाळ तुझे कोण, असे मी विचारले. सासर, ती म्हणाली. मग थोडे थांबून तिने दुरुस्ती केली, "हुतं."

तिची हकिकत प्रयोगशाळेत सर्वांना स्थूलमानाने ठाऊक होती. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आणि हिला कडेवरच्या मुलीसह बाहेर काढले. तेव्हापासून ती डेअरीमागच्या चाळीत भाड्याच्या एका खोलीत राहत होती. कडेवरची ती मुलगी, तेजस्विनी, आता सांगलीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती आणि तिच्या फीचा दुसरा हप्ता त्याच महिन्यात भरायचा होता. म्हणजे कपात झालेली रक्कम कुठे कमी पडणार हे शालनला सांगावे लागले नाही; मला हिशेब करून पाहावा लागला नाही.

मी म्हटले, चूक झाली असेल. आकडा विचित्र आला की आधी उपकरणावर संशय घ्यावा, अशी आमच्या विद्येची शिकवण. आम्ही दोघी हिशेब विभागात हिशेबनीस जमादार यांच्याकडे गेलो.

जमादारांनी उपकरण निर्दोष असल्याचे शांतपणे सांगितले. नव्या ग्रामसेवकाने शंभर टक्के करवसुलीचा विडा उचलला होता. गावातील थकबाकीदारांपैकी कोण कुठे नोकरीला आहे हे शोधून त्याने जिकडेतिकडे पत्रे धाडली होती. आमच्या चेअरमनसाहेबांना त्या पट्ट्यातले दूध आणि मते दोन्ही हवी असत, त्यामुळे त्यांनी पत्रावर "कपात करावी" असा शेरा मारला होता. ही कपात कोणत्या कायद्याने करता, असे मी विचारले. जमादार कधी आवाज चढवीत नसत.

"मॅडम, ज्याच्या दुधाच्या बिलातनं आपण पेंड कापतो, डॉक्टरची फी कापतो, जत्रंची वर्गणीबी कापतो, त्यानं आजवर कायदा विचारला न्हाई. कापायचं हा आपला धर्मच हाय. दूध असू दे न्हाईतर पगार."

पत्रात मालक म्हणून एकच नाव होते: शालन सर्जेराव मुळीक. नवऱ्याचे नाव तिच्या नावाच्या मधोमध होते तेवढेच, स्वतंत्र कुठेही नव्हते. थकबाकी बरीच वर्षे साचलेली होती. या गतीने ती फिटायला जवळपास वर्ष लागले असते. कपात थांबवायची तर दोनच वाटा, जमादार म्हणाले: नाव चुकून लागले आहे असे ग्रामपंचायतीने कळवावे, नाहीतर त्या घराशी आपला संबंध नाही असे लिहून देऊन हिने नाव काढून घ्यावे. मी शालनच्या वतीने रीतसर हरकत लिहिली. बारा महिने तेरा काळ भाड्याने राहणाऱ्या बाईकडून दुसऱ्याच्या छपराची पट्टी का घ्यावी, असा तिचा मथितार्थ. पत्र गेले. उत्तर म्हणून माणसे आली.

दोघे होते. पुढे हिंदुराव आण्णा, सर्जेरावचे सख्खे चुलते. धोतर, टोपी, पिकलेल्या मिशा आणि कोणालाही पहिल्या भेटीत आवडावा असा चेहरा. मागे स्वतः सर्जेराव. उंच, गाल बसलेले, नजर फरशीवर. त्यांना दारात पाहताच शालनने केलेली पहिली गोष्ट माझ्या अजून लक्षात आहे. अंगावर रबरी ॲप्रन, पायात गमबूट, आणि तिचा हात आपोआप वर गेला नि पदर डोक्यावर आला. ती तराजूच्या टेबलामागे जाऊन उभी राहिली. चुलत सासऱ्यापुढे सुनेने बसायचे नाही आणि त्याच्याशी समोरासमोर बोलायचे नाही, ही त्या भागातली रीत. पुढचा अर्धा तास ती माझ्याशी बोलत होती, आण्णाही माझ्याशीच बोलत होते, आणि दहा फुटांच्या खोलीत एकमेकांना स्पष्ट ऐकू येणाऱ्या दोन माणसांची मी दुभाषी झाले होते.

आण्णांनी आधी दुधाची, मग माझ्या गावाची, मग तेजूच्या शिक्षणाची चौकशी केली. सुनेच्या पगाराला कात्री लागल्याचे कळल्यापासून आपल्याला घास गोड लागत नाही, असे ते म्हणाले. त्यांनी बंडीच्या खिशातून मुद्रांकाचा कागद काढला आणि त्यावर एक पाकीट ठेवले. कागदाचा आशय सरळ होता. हिंगणमाळच्या घराशी माझा काही संबंध नाही. माझे नाव कमी करून सर्जेराव मुळीक यांचे लावावे. पाकिटात आजवर कापलेली रक्कम, वर पोरीच्या फीसाठी थोडी अधिक.

"सही केली की सुटली बघा," ते मला म्हणाले. "पुढची पट्टी आमची आमी बघतो."

मला समाधान वाटले हे मान्य करायला हवे. हरकतीत मी जे मागितले होते तेच समोर येत होते, तेही मागितल्यापेक्षा जास्त. केवळ सवयीमुळे मला एक प्रश्न पडला. प्रयोग पहिल्याच खेपेला हवा तसा साधला तर मी तो पुन्हा करून पाहते. जी माणसे वर्षानुवर्षे घरपट्टी भरत नाहीत, ती आज दुसऱ्याची थकबाकी आपल्या अंगावर घ्यायला एसटीचे तिकीट काढून का यावीत? पण तसे न विचारता मी एवढेच विचारले, की घर मुळात एकट्या शालनच्या नावावर कसे.

आण्णा खुशीत आले. गोष्ट त्यांच्या आवडीची होती.

"ती एक गंमतच हाय, मॅडम. ह्या गड्याला मेंबर व्हायचं हुतं. आन पट्टी थकलेली असली की अर्ज उडतोय. भरावी म्हटली तर प्रचाराला पैसं कुठलं? मग म्हटलं, घर बायकूच्या नावावर चढवू या. ज्याला घरच न्हाई त्याला घरपट्टी कसली?"

कल्पना कोणाची, असे मी विचारले.

"आता आपल्या तोंडानं काय सांगायचं," आण्णा म्हणाले आणि त्यांनी मिशी सारखी केली.

पुढचे त्यांनी रंगवून सांगितले. ओळखीच्या ग्रामसेवकाने नोंद फिरवली. बायकोला विचारायचे कशाला, घरातल्या घरातली बाब. छाननीच्या दिवशी विरोधकांनी थकबाकी पुढे केली, तर सर्जेरावच्या नावावर खोपटेसुद्धा निघेना. हे कायद्यात बसले असते की नाही हे मी सांगू शकत नाही. त्या दिवशी ते चालून गेले. सर्जेराव निवडून आला, मुदतभर मेंबरकी केली, आणि घर आपल्या नावावर नसल्यामुळे पुढेही पट्टी भरली नाही. नोंद पुन्हा फिरवण्याचे कष्ट कोण घेणार. नाव तसेच राहिले आणि सगळे ते विसरले.

नवा ग्रामसेवक मात्र विसरण्यातला नव्हता. शालनच्या पगारातला पहिला हप्ता जमा होताच त्याने पावती फाडली आणि शिपायाबरोबर हिंगणमाळच्या घरी पाठवून दिली. शिपायाने ती चावडीपुढे मोठ्याने वाचून मगच पोचती केली. तेव्हापासून हॉटेलात सर्जेराव शिरला की कोणीतरी चहावाल्याला सांगे, जावयबापूंना साखर जास्त टाक. आपल्याच गल्लीत आणि आपल्याच उंबऱ्यात तो घरजावई झाला होता. बायकोच्या घरात, बायकोच्या पगारावर. शिवाय दुसरीचा मुलगा मोठा होत होता. उद्या सोयरिकीला लोक घर कोणाचे म्हणून विचारणार.

"सही कर म्हणावं, आण्णा," सर्जेराव प्रथमच बोलला. "लांबड नगं."

टेबलामागून शालनचा आवाज आला. तो नेहमीसारखाच होता. "मॅडम, आण्णास्नी इचारा, ही मेंबरकी कवाची?"

मी विचारायची गरज नव्हती. "इसरली व्हय?" आण्णा हसून मला म्हणाले. "तेजीचं बारसं आन आमचा गुलाल एकाच आठवड्यातला की. पाळण्यावर गुलाल उडाला म्हणून ही केवढी कावली हुती."

 शालनला थोडा वेळ हवा असल्याचे मी पाहुण्यांना सांगितले आणि तिला घेऊन मागच्या धुण्याच्या खोलीत गेले.

तिथे मी तिच्यापुढे दोन्ही बाजू मांडल्या. ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नोंद कर कोणाकडून घ्यायचा एवढेच सांगते. तिने मालकी सिद्ध होतेच असे नाही. उद्या ते कोर्टात गेले तर वकील ती नोंद खिळखिळी करील. घर जुने आहे. सही केली नाही तर वर्षभर पगार कापला जाईल, आणि फीचे पैसे या क्षणी बाहेर टेबलावर ठेवलेले आहेत. दुसऱ्या बाजूला सांगण्यासारखे एवढेच, की गावठाणातल्या घराला त्या नोंदीखेरीज दुसरा कागद बहुधा नसतोच. काय कर हे मी सांगणार नाही, असेही मी म्हटले. खरे तर आकडे मी ज्या क्रमाने मांडले त्यातून माझे मत कोणालाही कळले असते.

तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "म्हंजे तवापासनं माझंच नाव हाय?"

"कागदावर, हो."

"मधी कुणी खोडलं न्हवतं?"

"नाही."

तिने नळ सोडला, स्वच्छ असलेले हात पुन्हा धुतले, ॲप्रनला पुसले आणि बाहेर गेली. मी मागोमाग. ती टेबलामागे गेली नाही. आण्णांच्या खुर्चीला वळसा घालून सर्जेरावच्या समोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता. तो तिने काढला नाही, पण पुढेही ओढला नाही.

"तेजू बसायला लागली हुती," ती म्हणाली. "दारात भांडी फेकलासा. आन म्हणालासा, हे माझं घर हाय, चालती हो."

सर्जेराव आण्णांकडे पाहू लागला.

"कुणाचं हुतं वं?"

बाहेर टँकर रिकामा होत असल्याचा आवाज येत होता.  आण्णांनी टोपी काढली, आतून पाहिली आणि परत घातली. "रागाच्या भरात माणूस बोलतंय, पोरी," ते म्हणाले. हे त्यांनी मला नव्हे, तिला सांगितले.

"सही न्हाई करत, आण्णा," तिनेही त्यांनाच सांगितले. "कापू द्यात त्यांस्नी."

आण्णांनी आधी समजुतीने, मग जरा चढ्या स्वरात बोलून पाहिले. शेवटी कागद आणि पाकीट बंडीत परत गेले. दारातून मात्र ते एक वाक्य टाकून गेले, आणि ते नेमके लागले. "चार खणांच्या घरापायी लेकीचं शिक्षान बुडवाय निघालीस. उद्या तीच तुला इचारंल."

तेजूने विचारले. त्याच रविवारी आली आणि खोलीत आईशी एवढ्या मोठ्याने भांडली की शेजारच्या बायका मध्ये पडल्या. ज्या घरातून हाकलले त्याची पट्टी आपण का भरतो आहोत, असा तिचा सवाल होता, आणि तो मला बिनतोड वाटला.  फीसाठी शालनने पतसंस्थेचे कर्ज काढले. मी जामीन राहिले. अर्थात त्याचा हप्ताही पगारातूनच, म्हणजे जमादारांच्या धर्मात आणखी एक कपात. ती दुपारनंतर पॅकिंग विभागात जादा पाळी करू लागली. फी दंडासह भरली गेली. पावसाळाभर तेजू आली नाही; सुट्टीत मैत्रिणीकडे गेली.

या काळात मी शालनला दोनदा सांगून पाहिले की अजून वेळ गेलेली नाही, आण्णा आनंदाने पुन्हा येतील. ती "व्हय" म्हणे आणि नळ्या धुऊ लागे. तिच्या वागण्याचा मी माझ्यापुरता अर्थ लावला होता. थकबाकी निल झाली की ती त्या घरावर हक्क सांगेल. राहायला जाऊन खोलीभाडे वाचवील किंवा विकून लेकीचे लग्न करील. उपलब्ध पुराव्याशी हे जुळत होते. नवीन वर्षाच्या सुरुवातीला तेजू एकदाची आली आणि न भांडता दोन दिवस राहून गेली. त्यांच्यात काय बोलणे झाले मला माहीत नाही.

शेवटचा हप्ता कापला गेल्याचे जमादारांनी तिला स्वतः येऊन सांगितले. अशा गोष्टी सांगायला ते कधी खुर्चीवरून उठत नसत. शालनने त्यांना चहा पाजला आणि मला विचारले, "रविवारी हिंगणमाळला येताय काय, मॅडम? शिकल्याली बाई संगं असली की माणसं वरडत न्हाईत."

दूध गोळा करणाऱ्या आमच्याच टेम्पोतून आम्ही गेलो. तिने धुतलेले इरकल नेसले होते. सोबत कुलूप असेल असे मला वाटले होते. पिशवीत केळी आणि बिस्किटाचा पुडा होता. गल्लीत शिरताच कट्ट्यावरची बोलणी थांबली. घर दगडी जोत्याचे, वर पत्रा, पुढे लहानसा ओसरीवजा सोपा. दारात जी बाई आली ती सुमन, सर्जेरावची दुसरी. तिच्या कोपरापर्यंत पीठ लागलेले होते आणि आम्हाला पाहून तिच्या तोंडचे पाणी पळाले. सर्जेराव आम्हाला पाहून गोठ्यामागे गेल्याचे मी पाहिले. शालननेही पाहिले असावे.

"या," सुमन कशीबशी म्हणाली. "आत या की."

"मला या म्हणू नगंस, बाई," शालन म्हणाली. रागाने नव्हे. उंबऱ्याबाहेर चपला काढून ती आत गेली.

मी सोप्यात बसले. शालन घरभर फिरली. फडताळ उघडले नाही, वस्तू हलवली नाही. माजघर, चूल, परसदार, बस्स. रांजणातले पाणी आपल्या हाताने घेऊन प्यायली. सुमनचा मुलगा दाराआडून पाहत होता. त्याला केळी दिली आणि इयत्ता विचारली. सुमनने चहा केला. तो आम्ही प्यायलो. 

शेवटी सुमनला धीर धरवेना. "कवा येनार राहाय?" तिने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता, "आमी कुठं जावं मग?"

"तुला कोन जा म्हणतंय?" शालन म्हणाली.

मला वाटले, आता ती खोल्यांची वाटणी सांगेल, किंवा निदान पुढची पट्टी कोणी भरायची ते. ती उठली. तेवढ्यात सर्जेराव दारात आला होता. कोणाकडे न पाहता तो म्हणाला, "बसा की अजून."

"न्हाई. निघते मी." तिने चपला पायात घातल्या, सावकाश, एकेक. पायरी उतरली आणि मागे न पाहता गल्लीने चालू लागली. तिच्या बरोबरीने चालायला मला जरा घाई करावी लागली.

टेम्पो गावाबाहेर पडला. मग राहवेना. मी तिला म्हटले, मला हिशेब लागत नाही. तू कुलूप लावले नाहीस, खोली मागितली नाहीस, भाडे ठरवले नाहीस. मग वर्षभराची कपात, कर्ज, जादा पाळी, पोरीचा अबोला, हे सगळे कशासाठी?

"तिथं राहायला कोण जातंय, मॅडम?" तिलाच माझ्या प्रश्नाचे नवल वाटल्यासारखे दिसले. मग ती म्हणाली:

"त्या घरातनं मला एकदा माझं मी निघायचं हुतं. मागल्या बारीला मी निघाले न्हवते. काढलं हुतं."

आता मी निवृत्त आहे. ते घर पुढे कोणाचे झाले याची चौकशी मी केली नाही, आणि त्या वाक्याचे वजन मोजायचे साधन माझ्या प्रयोगशाळेत कधीच नव्हते. टेम्पो पुढच्या गावच्या दूध संस्थेपाशी थांबला. शालनने इरकलचा पदर कमरेला खोचला आणि खाली उतरून ती ड्रायव्हरबरोबर कॅन चढवू लागली.